अनुभव धागा: ‘लिंक आहे का?’ – फुकटच्या मॅचमागचं पाहिलेलं, भोगलेलं

पायरीवरचा

नाणेफेक झाली रे झाली की सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या ग्रुपवर प्रश्न येतो, ‘कुणाकडे लिंक आहे का?’ कुणीतरी टेलिग्रामचा पत्ता टाकतं, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. ती लिंक चालवतं कोण आणि त्याला त्यातून मिळतं काय, हे कुणी विचारत नाही.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. पहिल्या वर्षी जिओसिनेमाने सगळे सामने फुकट दाखवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि वर्गणी सुरू झाली, पण फुकट पाहायची सवय काही सुटली नाही.

माझं मत आधीच सांगतो. बघणाऱ्याला पोलीस धरत नाहीत म्हणून चोरीचं प्रसारण पाहणं योग्य ठरत नाही. पण ज्याला खरोखर परवडत नाही त्याला चोर म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय चालतं ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. केबलवाले, मोबाइल दुरुस्तीवाले, हॉटेलवाले, मैदानावर कॅमेरा लावणारे, परदेशात राहणारे, सगळे या. कुठलीही लिंक किंवा ‘कसं मिळवायचं’ हे मात्र इथे नको, आणि ओळखीच्या माणसाचं, दुकानाचं नावही नको.

पानठेला चौक, नागपूर

वडिलांचा केबलचा धंदा होता, मी शाळेपासून त्यांच्यासोबत खांबावर चढलो. म्हणून सुरुवात मी करतो, कारण लोकांना वाटतं ही भानगड इंटरनेटने आणली.

पे-चॅनेलचे पैसे जोडण्यांच्या संख्येवर द्यावे लागत, म्हणून संख्या कमी सांगायची. हे गावोगाव चालायचं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एखाद्या घराच्या नावावर डिशचा बॉक्स घ्यायचा, तो मॉड्युलेटरला (बॉक्सचं चित्र केबलवर चढवणाऱ्या यंत्राला) जोडायचा आणि एका कार्डावर अख्ख्या मोहल्ल्याला मॅच दाखवायची. कंपनीवाले ते कसं पकडायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मॅच ऐन रंगात असताना पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात आकड्यांची एक ओळ क्षणभर उमटते. थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यात. बघणाऱ्याला वाटतं सिग्नलचा घोळ आहे. तो असतो त्या कार्डाचा नंबर. कंपनीचा माणूस आमच्याच पानठेल्यावर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत टीव्ही बघत उभा राही आणि तो नंबर टिपून घेई. थोड्या वेळात कार्ड बंद, आणि आमचा फोन वाजायला लागे, ‘भाऊ, मॅच गेली ना!’

२००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी टेन स्पोर्ट्स चालवणारी ताज टेलिव्हिजन ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. नावं माहीत नसलेल्या केबलवाल्यांवरही कारवाई करता येईल असा आदेश तिने मिळवला. आमच्या संघटनेच्या बैठकीत त्याची बरीच चर्चा झाली होती.

आता दुसरी बाजू. २१ जानेवारी २००७, भारत-वेस्ट इंडिज, पहिला वनडे, सिव्हिल लाइन्सच्या आमच्या जुन्या मैदानावर. गांगुलीच्या ९८, चंद्रपॉल नाबाद १४९, आपण १४ धावांनी जिंकलो. आणि दूरदर्शनवर तो सामना थेट नव्हता, कारण हक्क घेतलेली कंपनी आणि दूरदर्शन यांचं भांडण चालू होतं. सामना नागपुरात आणि ॲन्टेनावाल्या नागपूरकराला तो दिसत नाही! पुढच्या सामन्यांसाठी दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटं उशिराने दाखवायला परवानगी दिली. फेब्रुवारीत अध्यादेश निघाला आणि त्याचाच पुढे कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायलाच हवं, जाहिरातीच्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कवाल्याचे, २५ टक्के प्रसार भारतीचे.

पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं घेतलेलं प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या ॲन्टेनावर आणि फ्री डिशवरच चालेल, खासगी केबलवर नाही. त्यामुळे केबलवर डीडी लावलं तर मॅच नसते. गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच बंद केली. असलं गिऱ्हाईक मग लिंककडे वळतं, हे मी रोज पाहतो.

गेट नंबर दोन

मी शिक्युरिटीत आहे, पिंपरीत. गाव लातूरकडं. इथं सगळे शिकलेले लिहितात म्हणून भीत भीत लिहितोय.

मी लिंकवरच बघतो. पगारातून खोलीभाडं, गावाकडं पाठवायचे, पोरीची फी. मोबाइलचा रिचार्ज टाळता येत नाही, त्याच्यावर आणखी मॅचचे पैसे, आणि एका स्पर्धेला एक ॲप, दुसऱ्याला दुसरं. ह्या सोसायटीत ज्यांच्या दोन दोन गाड्या आहेत तीच माणसं खाली येऊन मला म्हणतात, ‘अरे, तुझ्याकडची लिंक दे.’ मग चोर फक्त आम्हीच का?

लिंकवर काय येतं ते सांगतो. विकेट पडली की लगेच पडदाभर सट्ट्याची जाहिरात. बंद करायचं फुलीचं चिन्ह एवढं बारीक की बोट तिच्यावरच पडतं आणि भलतंच काहीतरी उघडतं. माझ्यासोबतचा पोरगा तिथूनच खेळायला लागला. आधी शंभर रुपये. नंतर त्याने गावाकडची म्हैस विकायला लावली घरच्यांना. तो आता कामावर येत नाही.

वाळवणी (आष्टी, जि. बीड)

गेट नंबर दोन भाऊ, तुम्हाला कुणी चोर म्हणत नाही. एक सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या वस्तीवर बहुतेक घरांवर डीडी फ्री डिश आहे. डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, दर महिन्याला काही नाही. भारताच्या पुरुष संघाचे वनडे, टी-ट्वेंटी, विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने डीडी स्पोर्ट्सवर लागतात, ते वरच्या पोस्टमधल्या त्या कायद्यामुळेच. शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत मात्र डिशची छत्री लावायला घरमालक परवानगी देत नाही, असं आमचे ऊसतोडीहून, कंपनीतून परतलेले पालक सांगतात. मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. सरकारने ‘सर्वांसाठी’ म्हणून ठेवलेली मॅच छतावर अडते, खोलीत पोचत नाही.

बारी नंबर सोळा

मुंबईत वकिली करतो, बौद्धिक संपदेची कामं पाहतो. ‘बघणं गुन्हा आहे का?’ हे बऱ्याच जणांना हवंय, म्हणून जमेल तितकं सरळ लिहितो.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ३७. प्रसारण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रसारणावर २५ वर्षं स्वतंत्र हक्क असतो. तो मोडतो कोण? परवानगीशिवाय ते पुन्हा प्रसारित करणारा, पैसे घेऊन लोकांना दाखवणारा, रेकॉर्ड करणारा, त्याच्या प्रती विकणारा. घरात बसून नुसतं पाहणाऱ्याचा या यादीत उल्लेख नाही. म्हणून लिंकवर मॅच पाहिली एवढ्यावरून घरी पोलीस येत नाहीत. लिंक चालवणाऱ्याला मात्र कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. कुलूपबंद प्रक्षेपणाचं कुलूप फोडणाऱ्यासाठी २०१२ पासून कलम ६५ए वेगळं आहे.

तुमच्या मोबाइलवरून तुम्ही ती मॅच रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलीत किंवा स्वतःच्या चॅनेलवर लाइव्ह लावलीत, तर तुम्ही ‘बघणारे’ राहत नाही. ही रेषा पोरं नकळत ओलांडतात.

धावसंख्या सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एसएमएसवर स्कोअर देणाऱ्यांच्या प्रकरणात ती माहिती कुणाच्या मालकीची नाही असंच म्हटलं.

गेट नंबर दोन यांच्या ‘चोर फक्त आम्हीच का?’ या प्रश्नाला कायद्याच्या इतिहासात आधार आहे. १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. वाद १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उभा राहिला होता. त्या निकालाने सरकारची मक्तेदारी मोडली आणि खासगी वाहिन्यांना वाट मिळाली. लहरी सगळ्यांच्या, पण त्यावरचं चित्र विकत घेतलेल्याचं, हा पेच तिथूनच चालत आलाय आणि २००७ चा कायदा म्हणजे त्यावरची तडजोड.

उरणचा कॅमेरा

आतापर्यंत सगळे मोठ्या कंपन्यांबद्दल बोलले. आमचं ऐका.

उरण, पनवेल, अलिबागकडे दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात त्या पार पावसापर्यंत. ग्रामपंचायतीचा चषक, मंडळाचा चषक, कुणाच्या स्मरणार्थ. त्या आम्ही यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. बांबूच्या मचाणावर एक कॅमेरा, साइटस्क्रीनच्या बाजूला दुसरा, एक फिरता. जनरेटर आमचा. मैदानात नेटवर्क धड नसतं म्हणून दोन-तीन कंपन्यांची सिम एकत्र जोडून सिग्नल वर पाठवायचा. एक पोरगा लॅपटॉपवर प्रत्येक चेंडूला धावफलक भरतो, त्याची मान संध्याकाळपर्यंत आखडते. दोन समालोचक, एक आगरीत बोलणारा हवाच, नाहीतर लोक चिडतात. आयोजक ठरलेली रक्कम देतात, बाकी कमाई पडद्याच्या खालच्या पट्टीवरची: वीटभट्टीवाला, ढाबा, सरपंचाच्या शुभेच्छा. दुबई-कुवेतला कामाला गेलेली आमची पोरं रात्र जागून बघतात.

गेल्या मोसमात एका फायनलला पाहणाऱ्यांचा आकडा अचानक निम्म्यावर आला. मला वाटलं सिग्नल तुटला. मग कुवेतवरून एकाने स्क्रीनशॉट पाठवला. आमचंच चित्र दुसऱ्याच एका ॲपवर चालू होतं. आमचा लोगो झाकून त्यावर त्यांचा, आणि जिथे आमच्या ढाब्याची पट्टी होती तिथे पुढच्या चेंडूवर पैसे लावायची पट्टी. समालोचकाचा आवाज तसाच. तो बिचारा खाली बसून फलंदाजाच्या आजोबांबद्दल बोलतोय, आणि त्याच्या बोलण्याखाली सट्ट्याचे भाव फिरतायत.

तक्रार केली. ते बंद झालं तेव्हा बक्षीस समारंभही उरकला होता. ढाबेवाल्याने विचारलं, ‘दादा, माझी जाहिरात दिसलीच नाही असं मेहुणा म्हणतो.’ त्याचे पैसे मी परत केले. आयोजकांना फोन आले की गावाच्या स्पर्धेवर सट्टा चालतो, पोलिसांत देऊ. खेळणारी पोरं आमच्याच गावची, कुणी पोर्टवर, कुणी रिक्षा चालवतं. त्यांच्यावर संशय आला याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

पायरीवरचा

उरणकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हीच गोष्ट मोठ्या पातळीवर झाल्याचं रेकॉर्डवर आहे. २०२३ च्या आयपीएलचे सामने फेअरप्ले या सट्ट्याच्या ॲपवर बेकायदा दाखवले गेल्याची तक्रार जिओसिनेमा चालवणाऱ्या व्हायकॉम१८ ने महाराष्ट्र सायबरकडे केली होती, नुकसान १०० कोटींहून जास्त असल्याचं म्हटलं होतं. मुंबईच्या सायबर पोलिसांच्या त्या गुन्ह्यावरून पुढे ईडीनेही तपास सुरू केला. म्हणजे मॅच हे तिथे आमिष आहे, धंदा सट्ट्याचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली, तरी गेट नंबर दोन यांनी सांगितलेली ती पडदाभर जाहिरात अजून येतेच आहे.

टॉवर बी, हिंजवडी

मी या चोऱ्या शोधणाऱ्या टीममध्ये काम केलंय. कंपनी सांगत नाही.

मोठ्या सामन्याला आमची पाळी नाणेफेकीच्या बरीच आधी सुरू व्हायची, कारण चोर त्याच वेळी नवे पत्ते उघडतात. एक पत्ता बंद केला की जरासा बदललेला दुसरा तयार असतो. पूर्वी प्रत्येक पत्त्यासाठी कोर्टात जावं लागे. २०१९ पासून दिल्ली उच्च न्यायालयाने असे आदेश द्यायला सुरुवात केली की त्याच चोराच्या नव्या पत्त्यांनाही ते लागू होतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी तर सामना चालू असतानाच नवा पत्ता सापडला की इंटरनेट कंपन्यांना कळवून बंद करायची सोय झाली.

बाहेर फारसं माहीत नसलेली एक गोष्ट. पुष्कळ चोर स्वतःचे सर्व्हर वापरतच नाहीत. अधिकृत ॲपमध्ये पैसे भरलेल्या एका ग्राहकाची किल्ली (त्याचं लॉगिन ओळखणारा कोड) ते काढून घेतात आणि हजारो लोकांना वाटतात. चित्र येतं ते खऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवरून. म्हणजे ज्याचा माल गेला तोच त्याचं वाहतूकभाडंही भरतोय. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते, तेही मोबाइलवर फुकट. त्या स्पर्धेत आमच्याकडे काम होतं, पण आयपीएलला वर्गणी आल्यावर जसा पूर आला तसा नव्हता. किंमत हेच मोठं कारण आहे हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलंय. एकच नाही, पण मोठं.

वखारीमागे, बार्शी

मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मॅचच्या दिवसांत रोज एक तरी फोन असा येतो: ‘हँग होतोय, आपोआप जाहिराती उघडतात.’ विचारलं तर कुणी सांगत नाही. सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडली की सापडतं, ‘लाइव्ह क्रिकेट एचडी’ असलं काहीतरी नाव, स्क्रीनवर चिन्हच नाही. प्ले स्टोअरवरून आलेलं नसतं, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (उघडली की थेट ॲप बसवणारी) असते. परवानग्या बघा: एसएमएस वाचणं, सूचना वाचणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची आणि तुमच्याऐवजी बटणं दाबायची मुभा. मॅच दाखवायला एसएमएस कशाला वाचायचे? ओटीपीसाठी.

एका द्राक्षबागायतदार काकांचे औषधफवारणीला ठेवलेले पैसे असेच गेले. असं झालं तर फोन लगेच विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा, मग दुकानात या. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजून दोन दिवस गप्प बसलात तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

ढगाळ, मँचेस्टर

इकडे फुटबॉलचं हेच. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच कुठल्याही वाहिनीवर थेट फुटबॉल दाखवायचं नाही असा जुना नियम आहे, लोकांनी मैदानात जावं म्हणून. त्यामुळे पैसे भरायची तयारी असली तरी तीनचा सामना इथे कायदेशीररीत्या दिसत नाही. मग ऑफिसात कुणीतरी हळूच ‘तयार’ फायरस्टिक (टीव्हीला लावायची, चोरीच्या वाहिन्या आधीच भरलेली काडी) विकतो. २०२३ मध्ये असं जाळं चालवणाऱ्या पाच जणांना डर्बीच्या कोर्टाने शिक्षा दिल्या, मुख्य माणसाला ११ वर्षं. ग्राहक ५० हजारांहून जास्त होते.

युरोपात पाहणाराही सुटत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटलं की बेकायदा स्रोतावरून स्ट्रीम बघणं हे कायद्याच्या सवलतीत बसत नाही. इटलीत २०२३ च्या कायद्याने पाहणाऱ्याला १५० ते ५,००० युरो दंड आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ‘भारतात चालतं’ या भरवशावर राहू नये.

क्रिकेटचं इथलं दुःख वेगळं. २००५ ची ॲशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) चॅनेल फोरवर फुकट होती, रस्त्यावर पोरं खेळत होती असं इथले लोक अजून सांगतात. २००६ पासून बहुतेक थेट क्रिकेट पैसेवाल्या वाहिनीवर गेलं. १४ जुलै २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना पुन्हा चॅनेल फोरवर दाखवला. माझ्या शेजारच्या इंग्रज आजींनी कित्येक वर्षांनी क्रिकेट पाहिलं ते त्या दिवशी.

कृष्णाकाठ, सांगली

मुलींना क्रिकेट शिकवते. स्मृती मानधनाचं गाव आमचं, त्यामुळे पालक आता स्वतःहून येतात.

मला पैशांपेक्षा मोजणीचं बोलायचंय. डब्ल्यूपीएलचे (महिलांच्या आयपीएलचे) पाच वर्षांचे हक्क २०२३ मध्ये ९५१ कोटींना गेले. पुढच्या वेळी किती जातील हे किती लोकांनी पाहिलं यावर ठरणार. लिंकवर पाहणारा कुणाच्याच हिशेबात येत नाही. पुरुषांच्या क्रिकेटला त्याने फरक पडत नसेल, पण मुलींच्या सामन्याला आजही ‘बघतं कोण?’ असं विचारणारे अधिकारी आहेत, त्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील मैदानावर आपण विश्वचषक जिंकलो, त्या रात्री मी पालकांच्या ग्रुपवर हेच लिहिलं होतं: फ्री डिश असेल तर फ्री डिशवर, ॲप असेल तर ॲपवर, पण जिथे मोजलं जातं तिथे बघा. दोन घरांनी मिळून एक टीव्ही लावला तरी चालेल.

आमच्या मुलींचे वयोगटाचे सामने कुठेच दिसत नाहीत. एका वडिलांनी कुंपणाजवळून फोनवर फेसबुक लाइव्ह केलं, संयोजकांनी थांबवलं. नियम असेल, पण तो सामना दाखवणारं दुसरं कुणी नव्हतंच. मुलीची आजी पंढरपुरात फोन धरून बसली होती.

खारटन, ठाणे

आमचं छोटं हॉटेल आहे, परमिट रूमसह. घरगुती वर्गणीवर हॉटेलात मॅच लावता येत नाही, व्यावसायिक जोडणी वेगळी आणि महाग असते. मी ती घेतली. समोरचा घरच्या ॲपवरून पडदा लावतो आणि ‘बिग स्क्रीन’चा बोर्ड रस्त्यावर ठेवतो. प्रामाणिकपणाचे पैसे मी भरतो, गर्दी त्याच्याकडे. याबद्दल वकीलसाहेबांनी सांगावं. आणि आमच्या सोसायटीला गणपतीच्या पटांगणात प्रोजेक्टरवर फायनल लावायची आहे, ते चालेल का?

बारी नंबर सोळा

खारटन, समोरच्याने तिकीट किंवा ‘मॅचसाठी किमान बिल’ असं काही लावलं असेल तर कलम ३७ मधलं ‘पैसे घेऊन लोकांना दाखवणं’ त्याला लागू शकतं. तसं नसलं तरी घरगुती वर्गणीच्या अटींचा भंग आहेच. कंपनीला लेखी कळवा, हॉटेलांवर त्या कारवाई करतात.

सोसायटीचं म्हणाल तर सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे हक्क असलेल्या कंपनीला आधी ईमेल करून लेखी परवानगी घ्यायची. वर्गणी, तिकीट, देणगीपेटी काही ठेवू नका, पडद्याभोवती स्वतःच्या प्रायोजकाचा फलकही नको. रात्री दहानंतर लाउडस्पीकरचा नियम वेगळा, त्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. परवानगीचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून उपांत्य सामन्याची वाट न पाहता आजच ईमेल टाका.